परदेशातलं एलएलएम: पदवी कुठली, सनद कुठली?

कायद्याची पदवी घेतलेली, वकिलीत दोन-तीन वर्षं काढलेली मुलंमुली सल्ला विचारायला येतात, तेव्हा प्रश्न बहुधा एलएलएमचा, म्हणजे कायद्यातल्या साधारण एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीचा असतो: "परदेशात एलएलएम केलं तर करिअरला फायदा होईल का?" मी आधी उलट विचारते, "पाच वर्षांनी तू कुठे काम करत असशील? कुठल्या न्यायालयात उभी राहशील, कुणाचे करार लिहीत असशील?" याचं उत्तर क्वचितच तयार असतं. विद्यापीठांची यादी मात्र तयार असते, तीही क्रमवारीसकट.

मी स्वतः ते वर्ष केलं आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. म्हणूनच हा प्रश्न मला नीट सोडवावासा वाटतो. ही पदवी आपल्या आधीच्या कामाला कुठे नेऊन जोडते, त्यावर तिचं मोल ठरतं. जोडायला काम नसेल किंवा जोडायची जागा ठाऊक नसेल, तर वर्षही अधांतरी राहतं आणि कर्जही.

सुरुवात सनदेपासून करावी लागते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. पदवी विद्यापीठ देतं, वकिलीची सनद दुसरीच संस्था देते, आणि त्या दोघांचे नियम एकमेकांशी जुळतीलच असं नाही. न्यूयॉर्कचं उदाहरण घेऊ, कारण एलएलएमला निघालेल्या बहुतेकांच्या मनात कुठेतरी न्यूयॉर्क असतंच. तिथल्या अपील न्यायालयाचा ५२०.६ हा नियम परदेशात कायदा शिकलेल्यांसाठी आहे. तो दोन गोष्टी तपासतो: तुमचं कायद्याचं शिक्षण पुरेशा कालावधीचं होतं का, आणि ते कॉमन लॉच्या, म्हणजे न्यायालयांच्या निकालांवर उभ्या राहिलेल्या इंग्लिश कायद्याच्या परंपरेतलं होतं का. दोन्ही निकष पुरे होत असतील, तर तिथल्या बार परीक्षेला, म्हणजे सनदेसाठीच्या परीक्षेला, बसायला एलएलएम लागतच नाही. दोहोंतला एकच कमी पडत असेल, तर अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त लॉ स्कूलमधलं किमान २४ क्रेडिटचं एलएलएम ती उणीव भरून काढतं. दोन्ही कमी असतील, तर एलएलएम करूनही परीक्षेला बसता येत नाही.

हा एक परिच्छेद आधी वाचला असता, तर अनेकांचं आख्खं नियोजन बदललं असतं. ज्यांना परीक्षेसाठी एलएलएमची गरजच नव्हती असे लोक "बारसाठी" म्हणून प्रवेश घेताना मी पाहिले आहेत. आणि ज्यांना गरज असते, त्यांच्या २४ क्रेडिटांची वाटणीही बरीचशी ठरलेली असते: व्यावसायिक नीतिमत्तेला किमान दोन, कायदेशीर संशोधन आणि लेखनाला दोन, अमेरिकन न्यायव्यवस्थेच्या ओळखीला दोन, बार परीक्षेत येणाऱ्या विषयांना सहा. निम्मी क्रेडिटं इथेच संपली. तंत्रज्ञानाचा कायदा किंवा मानवी हक्क शिकायला म्हणून गेलेल्या विद्यार्थिनीच्या वाट्याला निम्मं वर्ष येतं. शिवाय सनदेच्या अर्जासाठी ५० तासांचं विनामूल्य कायदेशीर काम करावं लागतं, ते वेगळंच.

कॅलिफोर्नियात आणखी निराळं. दुसऱ्या देशात सनद मिळालेल्या वकिलाला तिथल्या बार परीक्षेला बसायला एलएलएमची अट नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी १ सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आली. पहिल्या टप्प्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात अशिलाची मुलाखत, मसुदालेखन, युक्तिवाद यांच्यासारखी प्रत्यक्ष कौशल्यं. या परीक्षेला बसायला तिथलं एलएलएम लागत नाही, आणि एलएलएम असल्यामुळे परीक्षेतून सूटही मिळत नाही. इतर देशांत आधीच सनद घेतलेल्या वकिलांना दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट लागू होत नाही. म्हणजे इंग्लंडपुरतं बोलायचं तर तुमची आधीची सनद कामाला येते, एलएलएम नाही. कॅनडात परदेशी पदवीचं मूल्यमापन एनसीए ही संस्था करते आणि राज्यघटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा असे तिथले विषय पुरे करायला सांगते. ते विषय धरूनच बेतलेलं एलएलएम केलं तर अट पुरी होऊ शकते. त्याच विद्यापीठात प्रबंधावर आधारलेलं एलएलएम केलं, तर ही कमतरता जशीच्या तशी राहते. जर्मनीत पूर्ण वकिलीचा नेहमीचा रस्ता दोन राज्य परीक्षांतून जातो, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं एक वर्षाचं एलएलएम त्या रस्त्याला लागत नाही.

पदवी आणि सनद यांच्यातलं हे अंतर किती निर्दय असू शकतं, हे पाहायचं असेल तर कॉर्नेलिया सोराबजींचं आयुष्य पाहावं. १८९२ साली त्यांनी ऑक्सफर्डमध्ये बीसीएल या कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. बीसीएलच्या नावात 'बॅचलर' असलं तरी ती पदव्युत्तर तोडीची परीक्षा. पण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देत नव्हतं, आणि बारचे दरवाजेही त्यांना बंद होते. जवळपास तीन दशकं त्या कायद्याचं काम करत राहिल्या, १९०४ नंतर बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारस आणि विधवांच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, पडद्यातल्या शेकडो स्त्रियांच्या मालमत्तेसाठी झगडत. ब्रिटनमध्ये १९१९ चा कायदा झाला तेव्हा कुठे स्त्रियांना वकिलीचा मार्ग मोकळा झाला, आणि १९२३ मध्ये लिंकन्स इन या लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थेने त्यांना बॅरिस्टर म्हणून प्रवेश दिला. आज ती बंदी नाही. पण शिकवणारा एक आणि दार उघडणारा दुसरा, ही रचना तशीच आहे, आणि ज्ञान हाती असूनही दाराबाहेर थांबावं लागणं कसं असतं ते त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

सनदेनंतर नोकरी. अमेरिकेत वकिलीची मूळ पदवी म्हणजे तीन वर्षांची जेडी. मोठ्या फर्म जेडीच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात कामाला घेतात आणि नोकऱ्या बहुतांशी त्यातूनच ठरतात. एलएलएमचा विद्यार्थी या साखळीत नसतो. त्याचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं आणि मेमध्ये संपतं. परदेशी वकिलांसाठीच्या मुलाखतींचा मोठा मेळावा न्यूयॉर्कमध्ये जानेवारीत भरतो. तिथे दाखवायला हातात काय असतं? एका सत्राचे गुण, तेही लागले असतील तर. मुलाखत घेणारा म्हणूनच सरळ तुमच्या आधीच्या कामाकडे वळतो: कुठल्या व्यवहारांवर काम केलंत, कुठल्या देशांतले अशील सांभाळलेत, कुठल्या भाषा येतात. तिथे ज्यांची निवड झालेली मी पाहिली, त्यांच्याकडे या प्रश्नांची भरघोस उत्तरं होती. मायदेशात चार-पाच वर्षं बँकांच्या कर्जव्यवहारांवर काम केलेला माणूस फर्मला हवा असतो, कारण त्याच्या देशातले अशील त्या फर्मकडे येतात. नुकताच पदवीधर झालेला, कितीही हुशार असला, तरी त्या टेबलापाशी त्याच्याजवळ सांगण्यासारखं थोडं असतं.

पुढे अमेरिकेतल्या व्हिसाचं वेळापत्रक. पदवीनंतर कामासाठी मिळणारा ओपीटी नावाच्या परवानगीचा काळ १२ महिन्यांचा, आणि तो अभ्यासक्रम संपल्यापासून ६० दिवसांच्या आत सुरू करावा लागतो. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ कायद्याच्या पदवीला सहसा मिळत नाही. न्यूयॉर्कची मोठी बार परीक्षा जुलैअखेर होते आणि निकाल शरद ऋतूत लागतो. नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसाची नोंदणी मार्चमध्ये. वार्षिक मर्यादा ६५ हजार, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, आणि मागणी त्याहून कितीतरी जास्त. या तारखा एका कागदावर एकाखाली एक लिहून पाहाव्यात. मेमध्ये पदवी, जुलैत परीक्षा, शरदात निकाल, मार्चमध्ये नोंदणी, आणि पुढच्या उन्हाळ्यात मुदत संपलेली. सगळं वेळच्या वेळी जमून आलं तर साधारण एक संधी मिळते. परीक्षेत एकदा अपयश आलं, की उरलेल्या तारखा हाताबाहेर जातात. आणि परदेशात शिकलेल्यांचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण जेडीवाल्यांच्या तुलनेत बरंच कमी असतं, हे दर वर्षीच्या निकालांत दिसतं. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षं राहता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ती मुदत १८ महिन्यांवर येते आहे.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग जावं तरी कशाला? जावं, पण तुमचं काम जिथे चालतं तिथे सनदेची भिंत ठेंगणी आहे ना, हे पाहून. माझ्या मते सगळा हिशेब या एका गोष्टीवर फिरतो.

आंतरराष्ट्रीय लवादाचं बघा, म्हणजे न्यायालयाऐवजी दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या पंचांपुढे वाद सोडवण्याचं. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे एका देशातला लवादाचा निवाडा दीडशेहून अधिक देशांत अमलात आणता येतो. लवादापुढे बाजू मांडायला त्या शहराची सनद असावी अशी अट बहुतेक मोठ्या केंद्रांत नसते. नैरोबीचा वकील जिनिव्हात उभा राहू शकतो, लिमाची वकील पॅरिसमध्ये. अशा क्षेत्रात जिनिव्हा, स्टॉकहोम किंवा लंडनच्या क्वीन मेरीमधलं लवादाचं एलएलएम म्हणजे त्या व्यवसायाच्या वर्तुळात पाऊल ठेवणं असतं. शिकवणारे प्राध्यापक उद्या पंच म्हणून समोर बसतात, वर्गातले सोबती दहा वर्षांनी विरुद्ध बाजूचे वकील असतात, आणि कामंही याच ओळखींतून फिरत येतात. इथे पदवीने थेट काम दिलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. अमेरिकी करकायद्याचं एलएलएमही असंच, तिथे तर जेडी झालेले अमेरिकन वकीलसुद्धा ते करतात, कारण विषयच तेवढा खोल आहे.

अध्यापन आणि संशोधनाचं वेगळं सांगायला नको. अमेरिकेत कायद्याची संशोधन डॉक्टरेट करायची तर सहसा आधी एलएलएम लागतं, आणि बरीच विद्यापीठं आपल्याच एलएलएमच्या विद्यार्थ्यांतून निवड करतात. त्या मार्गाला जाणाऱ्याने शिक्षकाकडे पाहून विद्यापीठ निवडावं, शहराकडे किंवा क्रमवारीकडे पाहून नाही.

काही दारं तर विद्यापीठातूनच उघडतात. हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाची ज्युडिशियल फेलोशिप हे त्याचं चांगलं उदाहरण. तिथे उमेदवाराने एकट्याने अर्ज करून चालत नाही. विद्यापीठ नाव सुचवतं आणि सहसा खर्चही तेच उचलतं. निवड झालेला फेलो सुमारे दहा महिने एका न्यायाधीशासोबत काम करतो. आंतरराष्ट्रीय सार्वजनिक कायद्यात आयुष्य घालवायचं ज्याने ठरवलं आहे, त्याने "या विद्यापीठातून हेगला कुणी जातं का?" हा प्रश्न प्रवेशाआधी विचारायलाच हवा. माहितीपुस्तिकेत त्याचं उत्तर शेवटच्या पानांत कुठेतरी सापडतं, पण त्या विद्यार्थ्यासाठी त्याचं मोल अख्ख्या क्रमवारीपेक्षा मोठं आहे.

आता कधी जावं. याबाबत माझं मत ठाम आहे, आणि ते बनलं नवी पिल्ले यांचा प्रवास अभ्यासताना. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद कायद्याने लागू असताना, १९६७ साली, नाताळ प्रांतात स्वतःची वकिली थाटणाऱ्या त्या पहिल्या गौरेतर स्त्री. त्यांनी वर्णभेदविरोधी कार्यकर्त्यांचे खटले लढवले. रॉबेन बेटावरच्या राजकीय कैद्यांना वकील मिळण्याचा हक्क त्यांनी १९७३ मध्ये न्यायालयातून मिळवून दिला. अशी पंधरा वर्षं काढल्यावर, १९८२ मध्ये त्यांनी हार्वर्डमधून एलएलएम केलं, आणि १९८८ मध्ये तिथूनच डॉक्टरेट. पुढे १९९५ मध्ये त्या दक्षिण आफ्रिकेच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या, मग रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात गेल्या. तिथल्या आकायेसू खटल्यात २ सप्टेंबर १९९८ रोजी, बलात्कार हा वंशसंहाराचा भाग ठरू शकतो, असा निकाल लागला. तो देणाऱ्या पीठावर त्या होत्या. नंतर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, आणि २००८ ते २०१४ संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त.

हार्वर्डच्या वर्गात त्या गेल्या तेव्हा त्यांच्यामागे पंधरा वर्षांचे अशील होते. छळ झालेल्या माणसांच्या जबान्या त्यांनी स्वतः घेतल्या होत्या. आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांचा कायदा त्यांनी वाचला असेल तो या सगळ्याला ताडून पाहत. प्रत्येकाने पंधरा वर्षं थांबावं असं मी म्हणत नाही. तीन-चार वर्षं पुरेत, पण ती खऱ्या कामाची हवीत: जिथे अशिलाचं नुकसान होताना पाहिलं, एखादं कलम अपुरं पडताना पाहिलं, आणि "हे असं का?" हा प्रश्न डोक्यात रुतून बसला. तो प्रश्न सोबत नेणाऱ्याला प्राध्यापक ओळखतात आणि वेळ देतात.

माझा प्रश्न करारांतल्या सद्भावाचा होता. दोन कंपन्या महिनोन्महिने वाटाघाटी करतात, एक बाजू त्या भरवशावर पैसा ओतते, आणि शेवटच्या आठवड्यात दुसरी बाजू पाठ फिरवते. कायदा काय म्हणतो? इंग्लिश कायद्यात १९९२ च्या वॉलफर्ड विरुद्ध माइल्स या निकालाने, सद्भावाने वाटाघाटी करू असा नुसता करार अमलात आणण्याजोगा नाही, असं ठरवलं. प्रत्येकाने आपापलं हित पाहावं. हे मला इतकं स्वाभाविक वाटत होतं, की त्याला दुसरी बाजू असू शकते हे मनात आलं नव्हतं. सेमिनारमध्ये माझ्या शेजारी बसणारी जर्मन वकील हे ऐकून खरोखर अस्वस्थ झाली. तिच्या नागरी संहितेच्या २४२ व्या कलमात सद्भावाचं कर्तव्य स्पष्ट लिहिलेलं आहे आणि त्यावर जर्मन न्यायालयांनी शतकभर इमारत रचली आहे. त्याशिवाय करार उभा तरी कसा राहतो, असं तिचं म्हणणं. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीबद्दलच्या १९८० च्या व्हिएन्ना करारातही सद्भावाचा उल्लेख आहे, आणि ब्रिटन आजही त्या करारात सामील नाही. हे सारे तुकडे त्या एका दुपारी जुळले. तेव्हापासून कुठल्या देशाचा कायदा करारावर लागू करायचा, हे कलम मी शेवटी घाईत भरत नाही. अशिलाला विचारते, समोरचा पाठ फिरवेल अशी भीती तुम्हाला जास्त आहे, की पाठ फिरवायची मोकळीक तुम्हालाच हवी आहे? या प्रश्नावर माझी बरीच कामं उभी आहेत. त्याची किंमत पगाराच्या आकड्यात पहिल्या वर्षी दिसली नाही, पुढे दिसत गेली.

पैशाबद्दल मात्र कठोर व्हायला हवं. कर्ज घेऊन गेलं की कर्जच नोकरी निवडतं. मानवी हक्कांचं, कायदेविषयक मदतीचं, अध्यापनाचं काम करायचं ठरवलेल्याने असं कर्ज घेऊ नये जे फक्त बड्या कॉर्पोरेट फर्मचा पगारच फेडू शकेल. आणि परदेशी नोकरी लागेल या एकाच आशेवर पूर्ण कर्जाने एलएलएम करायला निघालेल्यांना मी थांबवते, रोष पत्करून थांबवते. वर मांडलेलं वेळापत्रक पाहता ती पैज फार महाग आहे. स्कॉलरशिप मिळाली तरी तिच्या अटी वाचाव्यात, कारण त्याही करिअरची दिशा ठरवतात. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंगवर गेलेल्याला अभ्यास संपल्यावर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. अमेरिकी सरकारच्या फुलब्राइटवर जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसाने गेलेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षं मायदेशात राहिल्याशिवाय एच-१बी मिळत नाही. मायदेशातच काम करायचं असेल तर या अटी अडचण नसून आधारच आहेत. तिकडे राहायचं असेल, तर ती स्कॉलरशिप दुसऱ्या कुणाला मिळू द्यावी.

विद्यापीठाच्या नावाला किंमत आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. मायदेशात परतणाऱ्याला तर ती जास्तच जाणवते, कारण अशील आणि फर्म दोघंही नाव ओळखतात. पण ते नाव पहिली भेट मिळवून देतं, दुसऱ्या भेटीपासून कामच बोलतं.

निर्णय घेण्याआधी एक चौकशी मात्र प्रत्येकाने करावी. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर झळकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांशी नव्हे, तर आपल्याच देशातून, आपल्याइतक्याच अनुभवाने, चार-पाच वर्षांपूर्वी तो अभ्यासक्रम केलेल्यांशी बोलावं. त्यांना आज काय करता हे विचारावं, पहिली नोकरी कशी लागली हे विचारावं, आणि ती एलएलएम नसतं तरी लागली असती का, हेही संकोच न करता विचारावं. लोक या शेवटच्या प्रश्नावर जरा थांबतात आणि मग बहुतेक जण खरं सांगतात. अशा पाच-सहा जणांची उत्तरं समोर ठेवून जे माझ्याकडे परत येतात, त्यांच्याशी मग विद्यापीठांच्या यादीवर बोलायला मला मनापासून आवडतं. तोवर यादी बरीच लहान झालेली असते, आणि कधीकधी तिच्यात आधी नसलेलं एखादं नाव आलेलं असतं.